पाहुणी, वय चौदा पूर्ण

प्रेमिला गजभिये आमच्या संस्थेत कायम नोकरीला कधीच नव्हत्या. कायम म्हणावीत अशी माणसं आमच्याकडे मोजकीच; बाकी सगळी पाहणीपुरती. देशभराच्या कुटुंब पाहणीचं काम आलं की धरमपेठेतल्या आमच्या कचेरीतून फोन जातात, बायका जमतात, प्रशिक्षण होतं आणि गाड्या कुही, उमरेड, भिवापूरकडे निघतात. काम संपलं की ज्या त्या आपापल्या घरी. मी तिथे हिशेब आणि प्रशासन पाहतो. एम.कॉम. झाल्यावर ज्या खुर्चीत बसलो, तिच्यातून येत्या मार्चमध्ये उठणार आहे. इतक्या वर्षांत कितीतरी बायकांची प्रवासबिलं माझ्या हाताखालून गेली. तिकिटं तारखेप्रमाणे लावून, टाचून देणाऱ्या एकट्या प्रेमिलाबाई.

इंदोऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा दादाजी वेल्डर होता. तो लवकर गेला. मूलबाळ नाही. बाई उंच, सावळ्या, चालणं झपाझप. पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, कारण शेताच्या धुऱ्यावर चपला टिकत नाहीत. रविवारी विहारात वंदनेला जायच्या आणि नंतर तिथल्याच पायरीवर बसून वस्तीतल्या पोरींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायच्या.

पाहणीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. निवडलेल्या घरी जायचं. आधी घरात कोण कोण राहतं ते लिहायचं, आणि मग विचारायचं की काल रात्री इथे कोण कोण झोपलं होतं. एखादा पाहुणा मुक्कामाला असेल तर तोही लिहायचा. नंतर पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या प्रत्येक बाईला एकटीला बसवून तिची मुलाखत घ्यायची. लग्न कधी, दिवस किती वेळा राहिले, लेकरं किती, त्यातलं कोणतं गेलं, किती दिवसांचं होऊन गेलं, मूल नको असेल तर काय वापरता. हे प्रश्न नवरा विचारत नाही आणि सासू उच्चारू देत नाही. ते अनोळखी बाईने पोत्यावर बसून विचारायचे.

प्रेमिलाबाईंना लोक सगळं सांगत. याचं कारण त्यांनी एकदा कचेरीत चहा पिताना स्वतःच सांगितलं होतं.

पहिल्याच पाहणीत त्या एका बाळंतिणीच्या घरी गेल्या होत्या. सासूने विचारलं, "तुमाले किती लेकरं, बाई?" यांनी खरं सांगितलं, की नाही. सासूने बाळाला उचललं, पदराखाली घेतलं आणि आतल्या खोलीची कडी लावली. मुलाखत झाली नाही. दुसऱ्या घरी तोच प्रश्न आला तेव्हा प्रेमिलाबाई म्हणाल्या, "एक पोरगी हाये. सहा महिन्यांची. आईजवळ ठेवून आली."

त्या घरात मुलाखत झाली. ताक मिळालं. पुढे सगळीकडे हेच उत्तर राहिलं. पोरीचं नाव नूपुर. फेब्रुवारीची. बायका फार बारकाईने विचारतात, म्हणून प्रेमिलाबाईंनी तिला दात आणले, गोवर आणला, शाळेत घातलं. मुख्य म्हणजे त्यांनी तिचं वय नीट वाढवत नेलं. तीन वर्षांनी दुसरी पाहणी आली तेव्हा पोरगी साडेतीनची होती. त्याच गावात पुन्हा जावं लागलं तर उत्तर जुळायला हवं. मी हसून म्हणालो होतो, "तुमचे हिशेब पक्के आहेत." त्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मागच्या टायमाले भिवापूरकडं एक बाई म्हने, या खेपेस पोरीले काहून नाही आनलं? मी म्हनलं, बाई, मी कधीच आनलं नाही तिले. तं ते म्हने, आनलं होतं ना, विहिरीपाशी बसली होती."

मी ते तिथेच सोडून दिलं. खेड्यात शंभर पोरी असतात.

यंदाच्या पाहणीत, जानेवारीच्या शेवटी, आमच्या संचालक वंदना मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर संगणक उघडा होता.

"लांजेवारजी, प्रेमिलाबाईंची घरं बघा. ही कुहीकडची. रात्रीचा मुक्काम, पाहुणी, नूपुर, वय चौदा पूर्ण. आता हे दुसरं गाव. पाहुणी, नूपुर, वय चौदा पूर्ण. हे तिसरं. तेच."

"नातेवाईक असेल," मी म्हणालो. चहाच्या वेळी ऐकलेलं नाव मला आठवलं होतं, ते बोललो नाही.

"तिन्ही घरांची जात वेगळी, आडनाव वेगळं. आणि दर वेळी प्रेमिलाबाई पोचायच्या आदल्या रात्री." त्या खुर्चीत मागे रेलल्या. "चौदा का, ते तरी कळतंय ना? पंधरा लिहिलं की तासभर मुलाखत घ्यावी लागते. चौदा लिहिलं की सुटका. जुनी युक्ती आहे. पण त्यासाठी खरी पोरगी लपवतात. इथे पोरगीच खोटी आहे. याचा अर्थ बाई झाडाखाली बसून घरं भरतात."

पर्यवेक्षक बाई आजारी होत्या. पाहणीशी संबंध नसलेला माणूस हवा, म्हणून पुनर्तपासणीला मला पाठवलं. घरं खरंच झाली का, आणि त्या रात्री तिथे कोण होतं, एवढंच विचारून यायचं होतं. खोटेपणा निघाला तर प्रेमिलाबाईंना विदर्भातल्या कोणत्याही पाहणीत पुन्हा काम मिळणार नव्हतं.

कुहीच्या पुढच्या गावात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. धान कापून झालेल्या बांधीत लाखोळीचं पीक हिरवं उभं होतं. जिजाबाई नावाची म्हातारी ओसरीवर भाजी निवडत बसली होती. मी ओळख सांगितली आणि मॅडमनी लिहून दिलेला प्रश्न विचारला.

"ते पोट्टी?" जिजाबाई म्हणाली. "हाव, आलती ना. दिवे लावाच्या टायमाले आली. म्हने, माय सर्व्हेवाली हाये, उद्या येऊन राहिली तुमच्याकडं. मी पुढं आली."

"एकटीच?"

"एकटीच. मी म्हनलं, कशी वं तुझी माय, एवढ्या पोट्टीले अशी पाठवते? तं हासली. मंग जेवाले बसली. वरन-भात दोनदा मांगला. शीत नाही ठेवलं ताटात. आमच्या नातवाले शिकवा म्हना असं जेवाले."

दारात तिची सून उभी होती, सुभद्रा. ती म्हणाली, "तिनं सगळं इचारलं, साहेब."

"काय विचारलं?"

"तुमच्या बाईनं दुसऱ्या दिवशी इचारलं तेच. लगन कधी झालं, लेकरं किती, गेलं किती."

"आन् हे तिच्यासंगं बोलत बसली," जिजाबाई मला म्हणाली, "तवा माझं दूध उतू गेलं. पोट्टी चौदाची, आन् हे बाप्पा तिले सुईणीले सांगावं तसं सांगते."

सुभद्रा हलली नाही. "माझं पहिलं गेलं, साहेब. एकडाव रडलं फक्त. नाव ठेवाच्या आंधी गेलं, म्हनून आमच्यात त्याले कोनी मोजत नाही. मी बी दोनच सांगतले. तं ते म्हने, काकू, तीन सांगा ना. मी म्हनलं, तुले कोनं सांगतलं? तं म्हने, तो भेटते मले."

जिजाबाईचे हात भाजीवर थांबले. हे ती पहिल्यांदा ऐकत होती असं मला वाटलं. मग तिने सुनेला दमात घेतलं, "जाय, पानी आन साहेबाले," आणि पुन्हा निवडायला लागली.

मी विचारलं, "सकाळी ती कुठे गेली?"

"आंथरून घडी करून ठेवलं आन् गेली. तिकडून तुमची बाई आली. मी म्हनलं, बाई, तुमची पोरगी आत्ताच गेली, भेटली नाही काय रस्त्यात? तं ते बाई खालीच बसली. पयले पानी पिली. मंग म्हने, काय नाव सांगतलं तिनं? मी सांगतलं. मंग गुपचूप लिवून घेतलं."

"दिसायला कशी होती?"

जिजाबाईने माझ्याकडे जरा चमत्कारिक पाहिलं. "तुमच्या बाईसारखी. मंग कोनासारखी राहीन?"

दुसरं घर पुढच्या गावातलं, ओमप्रकाश नावाच्या किराणा दुकानदाराचं. हा माणूस गल्ल्यावर बसून हिंदी-मराठी मिसळून बोलत होता आणि मला आधी आयकरवाला समजला. मुलीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा मऊ झाला.

"बच्ची चांगली होती, साहेब. माझ्या बायकोसंगं पापड लाटले. पर जरा टेन्शनमधी होती. मी म्हनलं, काहून वं, परीक्षा हाये काय? तं म्हने, नाही काका, औंदा मले पंधरा लागून राहिले. मी म्हनलं, मंग? तं म्हने, आतापर्यंत माय मले नुसती सांगत आली. पंधरा झाल्यावर मले कोनी ना कोनी इचारन. तवा माय नाही म्हनली, तं मी कुठं जाऊ?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय सांगू? मी म्हनलं, माय कशाले नाही म्हनन? पागल हाये काय?" तो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "सच बोलू का? त्या दिवसापासून माझी बायको त्या खोलीत एकटी झोपत नाही. काही झालं नाही. पन नाही झोपत."

तिसऱ्या घरीही मुलगी आली होती. मी सगळं टिपून घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीने परत आलो. घरं खरी झाली होती. लोकांनी जे सांगितलं तेच प्रेमिलाबाईंनी लिहिलं होतं. तपासणीचा निकाल त्यांच्या बाजूचा होता, आणि मला त्याचं काही समाधान वाटत नव्हतं.

वंदना मॅडमनी माझं टिपण वाचलं, प्रेमिलाबाईंचं चहाच्या वेळचं बोलणं माझ्याकडून ऐकलं आणि चष्मा काढला.

"लांजेवारजी, तुम्ही पण?" त्या म्हणाल्या. "सरळ आहे हो. बाई गावात शिरताना पोरीची गोष्ट सांगतात. एक ऐकते, दहा जणी वाढवतात. एखादी भटकी मुलगी कुठे दिसली असेल, तिला हे नाव चिकटलं. खोट्या माणसाची नोंद देशाच्या आकड्यात जाता कामा नये, एवढं मला कळतं."

त्यांनी स्वतः एक निवेदन टाईप केलं. नूपुर नावाची मुलगी अस्तित्वात नाही. मला अपत्य नाही आणि कधीही नव्हतं. मी सांगितलेल्या खोट्या माहितीमुळे ही नोंद झाली. ती रद्द करावी. खाली प्रेमिलाबाईंची सही. सही दिली तर समज देऊन प्रकरण मिटेल, पुढचं काम मिळत राहील. नाही दिली तर सगळ्या संस्थांना कळवलं जाईल.

प्रेमिलाबाई उभ्यानेच वाचून म्हणाल्या, "बुटीबोरी राहिली हाये, मॅडम. शेवटचं काम हाये. ते झाल्यावर करते." मॅडमनाही माणूस कमी होता. त्या म्हणाल्या, घरात कोण कोण आहे ते नवी येणारी मेघा विचारेल, तुम्ही फक्त वजन-उंची घ्या. आणि निवेदन माझ्याकडे देऊन म्हणाल्या, तिथलं काम उरकलं की समोर बसून सही घ्या.

मी खाली उतरलो तर प्रेमिलाबाई जिन्यात बसलेल्या. दुकानदार काय म्हणाला ते मी त्यांना सांगितलं. सांगावं की नाही असं वाटलं होतं, पण ते त्यांच्यासाठीच होतं.

बराच वेळ त्या बुटाची नाडी बांधत राहिल्या.

"मी तिले कधी पाह्यलं नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "मी दोनदा मुद्दाम आदल्या दिवशीच गेली. त्या घरी बसून राहिली, दिवेलागण झाली, भाकरी झाल्या. तवा येतच नाही. मी नसली का येते."

"लिहायचं नव्हतं मग. गाळून टाकायचं होतं."

"असं कसं? घरचे सांगतीन ते लिवाचं, आपल्या मनानं गाळाचं नाही. मीच शिकवते ना हे पोरींना."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना." त्या उठल्या. "भेव वाटते. आन् कोनाच्या घरी जेवली, कोनाच्या आंथरुनात झोपली, हे बी वाटते. पन सही नाही केली तं मी खाऊ काय?"

बुटीबोरीला आम्ही सकाळी पोचलो. कापड गिरण्यांच्या मागे कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांची रांग आहे. एकीला लागून एक, प्रत्येकीला एकच दार, मागे खिडकीही नाही. यंत्रांची घरघर जमिनीतून पायाला लागते. मेघा नवी मुलगी. वर्ध्याच्या चमूतून आदल्याच दिवशी आलेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. प्रेमिलाबाई आणि मी समोरच्या ओट्यावर बसलो. माझ्या पिशवीत ते निवेदन होतं.

पहिलं घर नंदिनी नावाच्या गोंदियाकडच्या बाईचं. नवरा पाळीवर गेलेला, दोन लेकरं अंगणवाडीत. मेघाने टॅब घेऊन दारातच विचारायला सुरुवात केली. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"काल रात्री घरात कोण कोण झोपलं होतं?"

"मी, हे, आन् लेकरं. आन् एक पाहुनी आली हाये."

"आता आहे का?"

"हाये ना आत. वेणी घालून राहिली."

प्रेमिलाबाईंनी ओट्याची कड धरली. दाराला निळा पडदा होता. त्याच्या आडून मेघा आत गेली आणि थोड्या वेळाने हसत बाहेर आली, सरळ आमच्याकडे.

"काय ताई, सांगितलं नाहीत! मुलगी सोबत आणलीय. किती गोड आहे, आणि केवढी उंच. तुमच्यासारखीच." तिने टॅब पाहिला. "पंधरा पूर्ण. मागच्याच आठवड्यात झाली. म्हणजे मुलाखत घ्यावी लागेल. पण अठराच्या आतली आहे, लग्न झालेलं नाही, तर आईची लेखी संमती पाहिजे. ती म्हणाली, माय बाहेरच बसली आहे, तिला विचारा."

तिने संमतीचा कागद आणि पेन पुढे केलं.

प्रेमिलाबाई उठल्या. पडद्यापर्यंत गेल्या. हात वर केला, तो पडद्याजवळ गेला आणि तिथेच राहिला. नंदिनी बाजूला उभी होती, ती म्हणाली, "जा ना बाई आत. लाजता काय स्वतःच्या पोरीले?"

"मी आत गेली तं ती नसन," प्रेमिलाबाई म्हणाल्या. नंदिनीला ते समजलं नाही. मला समजलं. त्या परत येऊन ओट्यावर बसल्या आणि कागद मांडीवर घेतला.

मी म्हणालो, "प्रेमिलाबाई, यावर सही केलीत तर माझ्याकडच्या कागदावर करता येणार नाही. दोन्ही खरे असू शकत नाहीत."

"माहीत हाये, साहेब."

"पुन्हा काम मिळणार नाही."

"ते दुकानदार काय म्हने? माय नाही म्हनली तं मी कुठं जाऊ, असंच म्हने ना?"

"हो."

"मंग तुमचा कागद तुमच्याचजवळ राहू द्या."

त्यांनी सही केली. मुलीशी नातं या रकान्यात त्यांचं पेन थोडं अडलं. मग त्यांनी लिहिलं: आई. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं.

मेघा आत गेली. मुलाखतीच्या वेळी दुसरं कोणी जवळ नको, म्हणून नंदिनीही आमच्यापाशी येऊन बसली. पडदा पंख्याच्या वाऱ्याने थोडा हलत होता. मेघाचा आवाज येत होता. ती प्रश्न विचारायची, थांबायची, "बरं" म्हणायची, पुढचा विचारायची. एकदा ती मोठ्याने हसली. एकदा बराच वेळ काही विचारलं नाही, आणि मग "पाणी देऊ?" असं हळू म्हणाली. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. यंत्रांची घरघर होती, त्यामुळे नसेल ऐकू आला.

मी पूर्ण वेळ त्या दाराकडे तोंड करून बसलो होतो. खोलीला दुसरं दार नव्हतं.

मेघा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने पडदा बाजूला सारला. आत खाट, चूल, दोरीवर लेकरांचे कपडे आणि भिंतीवरच्या आरशापाशी एक कंगवा. कोणी नव्हतं.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

"अहो, आत्ताच तर बाहेर पडली, माझ्या पुढे," मेघा म्हणाली. "तुमच्या मधूनच गेली की. ताईंच्या खांद्यावर हात ठेवून गेली."

प्रेमिलाबाईंनी आपला डावा खांदा उजव्या हाताने धरला. तो हात त्यांनी नंतर फार वेळ काढला नाही.

"मेघा," त्या म्हणाल्या, "काय म्हनली वं ती?"

मेघा गोंधळली. "ताई, प्रशिक्षणात तुमचीच चित्रफीत दाखवतात आम्हाला. घेतलेलं उत्तर कोणाला सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, आईला तर मुळीच नाही."

"सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली काय तिनं?"

"सगळ्या."

"मंग बरोबर हाये," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "नको सांगू."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. निवेदन मी सहीविना परत केलं. वंदना मॅडम रागावल्या, त्यांनी सगळीकडे फोन केले, आणि प्रेमिलाबाईंना तेव्हापासून कोणत्याही पाहणीचं बोलावणं आलेलं नाही. त्या आता इंदोऱ्यात शिकणाऱ्या मुलींना डबे देतात. नोंद मात्र खोडता आली नाही. मुलाखत पूर्ण होती, आईची संमती होती, मुलाखत घेणारी शपथेवर सांगत होती. ती सगळी माहिती वर गेली. वर गेल्यावर नावं काढून टाकतात. उरतं ते वय, जिल्हा आणि उत्तरं. अशा पाहणीत निवडलेली प्रत्येक बाई तिच्यासारख्या हजारो जणींच्या वतीने मोजली जाते, त्यासाठी तिला एक भार देतात. त्यावर देशातले आणि परदेशातले अभ्यासक लेख लिहितील. नागपूर जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांच्या मुली काय म्हणतात हे सांगताना त्यात हीसुद्धा बोलत असेल. मेघाने काम सोडलं. ती उत्तरं तिने मला सांगितलेली नाहीत, आणि मी विचारलेली नाहीत.

त्या दिवशी सामान घेऊन गाडी हिंगण्याकडे गेली, म्हणून प्रेमिलाबाई आणि मी एसटीने परत निघालो. गिरणीची पाळी सुटली होती, गर्दी होती. मला मागच्या बाकावर जागा मिळाली. त्या माझ्या पुढच्या बाकावर बसल्या, पण खिडकीची जागा सोडून कडेला. कंडक्टर आला.

"बर्डी," त्या म्हणाल्या. "दोन."

मी माझं तिकीट आधीच काढलं होतं. सांगायला पुढे झुकलो, तोवर कंडक्टरने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि काही न विचारता दोन तिकिटं दिली. त्यांनी ती नीट जुळवून पाकिटात ठेवली.

पुढच्या थांब्यावर डोक्यावर गाठोडं घेतलेला एक माणूस चढला. "बाई, जरा सरका ना आत," तो म्हणाला, "जागा हाये ना तिकडं."

प्रेमिलाबाई बोलायच्या आत कंडक्टर ओरडला, "ओ भाऊ! डोळे हायेत का नाही? तिथं पोरगी बसली हाये ना!"

"दिसली नाही गा," तो माणूस ओशाळून म्हणाला, आणि दांडा धरून उभा राहिला.

प्रेमिलाबाईंनी मान वळवली नाही. त्या समोर पाहत बसल्या होत्या, अगदी सरळ, आणि त्यांचा डावा हात बाकावर उताणा ठेवलेला होता. खिडकीची जागा माझ्या बरोबर पुढे होती. मला फक्त मान थोडी वर करायची होती. खापरीचा थांबा येईपर्यंत मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत राहिलो.